चार बाटल्या, एक डबा

झुंबरबाईला दिवस गेले.

वाचलं असेल तर विसरून जा. असं काही झालेलं नाही. आमच्या शिरोळ तालुक्यात तिसरा महिना सरेपर्यंत कुणालाच दिवस जात नाहीत. बाई सकाळी उठून परसात ओकते, दुधाच्या वासानं नाकाला पदर लावते, शेजारच्या चिंचेकडं एकटक बघत बसते, आणि घरातले सगळे गंभीर चेहऱ्यानं सांगतात, पित्त झालंय. तेव्हा झुंबरबाईला पित्त झालं होतं असं धरून पुढं चालू.

मी सोनम. २००४ साली मी बावीस वर्षांची होते आणि कुरुंदवाडच्या स्टँडसमोर एसटीडी-पीसीओ बूथवर बसत होते. पाळी मला चार-पाच महिन्यांतून एकदा यायची, तीही लांबच्या पाहुण्यासारखी, न कळवता. हनुवटीवर दाढीचे थोडे केस होते, ते मी कुणाला दिसायच्या आत उपटायचे. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पीसीओएस आहे, अंडाशयावर बारीक बारीक फुगे धरलेत. आईनं त्यातली पहिली तीनच अक्षरं ऐकली. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, पोरीला बूथवरनं काढा, तिथलाच आजार लागलाय.

त्याच सुमाराला कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात या आजारावरच्या औषधाची चाचणी सुरू झाली. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी माझं नाव तिकडं पाठवलं. चाचणी क्रांतीमॅडमच्या हाताखाली होती. क्रांतीमॅडम म्हणजे बॉबकट केलेल्या, बोलताना पेनाचं टोपण काढणाऱ्या आणि परत लावणाऱ्या डॉक्टर. त्यांनी आमच्या बाजूच्या चार बायकांना एका बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. साखरेच्या आजारावरची एक जुनी गोळी आहे, ती पीसीओएसलाही लागू पडते असं काही ठिकाणी दिसलंय, किती पडते ते नीट तपासायचंय. निम्म्या बायकांच्या बाटलीत ती गोळी असेल. उरलेल्या निम्म्यांच्या बाटलीत हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी असेल.

"आत काय नसलेली म्हंजे?" बाकाच्या टोकाची बाई म्हणाली. तीच झुंबरबाई.

"खडूची आहे असं समजा."

"आणि कुणाला कुठली?"

"ते तुम्हाला माहीत नसणार. मलाही माहीत नसणार."

"मग म्हाईत कुणाला?"

"कॉम्प्युटरला."

"त्यो कुठं असतो?"

"मुंबईला."

झुंबरबाईनं मान डोलावली. मुंबईला असलेल्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत, हे तिला पटण्यासारखं होतं.

मग संमतीपत्र वाचून दाखवण्यात आलं. त्यात एक वाक्य होतं, आपण नेमके काय सेवन करीत आहात याची आपणांस कल्पना असणार नाही. "सासूच्या हातचं जेवताना तरी कुठं असती," असं म्हणून शेजारच्या बनाबाईनं सही ठोकली.

आता या बायका कोण ते सांगते. बनाबाई नृसिंहवाडीच्या अलीकडची, उसाच्या घरातली, अंगानं भरलेली; वजन कमी व्हावं एवढीच तिची इच्छा होती आणि तीही शेवचिवडा खाता खाता. निशाबाई जयसिंगपूरला शाळेत शिकवायच्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि कुठल्याही वाक्यात चूक सापडली की त्यांना बरं वाटायचं. झुंबरबाई शिरोळजवळच्या वाडीवरची, तेहेतीस वर्षांची, दोन म्हशी, गावातल्या महिला दूध संस्थेची सभासद. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मूल नव्हतं. एकदा राहिलं होतं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, आनंदाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात अख्ख्या वाडीला पेढे वाटले. पेढे संपायच्या आत ते गेलं. तेव्हापासून तिच्या सासूनं, धोंडुबाईनं, घरात नियम केला की यापुढं काहीही राहिलं तरी तीन महिने ते राहिलेलं नाही. ज्ञानूला तर पेढ्याच्या दुकानासमोरनं जायलाही बंदी होती.

हे सगळं झुंबरबाईनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, शेंगा सोलत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. सांगून झाल्यावर टरफलं पदरात गोळा केली आणि बराच वेळ ती टाकायची विसरली.

चौघी एकाच बाजूच्या म्हणून मॅडमनी आम्हाला महिन्यातला एकच मंगळवार दिला. त्यात त्यांचा हेतू चांगला होता. बायकांना सोबत होईल, प्रवास बरा जाईल. गोळ्या सुरू होऊन महिना झाल्यावर, पहिल्या खेपेला, आम्ही एसटीनं गेलो. हातकणंगल्याच्या पुढं बनाबाईनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि उसात गेली. ती परत येऊन बसते तोवर मी गेले. तिसऱ्यांदा थांबायची वेळ आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पावणं, ऊस तोडायला निघालाय का दवाखान्याला?"

दुसऱ्या महिन्यापासून आम्ही जयसिंगपूरहून पॅसेंजर रेल्वे धरली. रेल्वेत संडास असतो. चाचणीच्या दृष्टीनं तो फार महत्त्वाचा ठरला.

झालं असं, की जयसिंगपूर सुटल्यापासून मी आणि बनाबाई आळीपाळीनं आत जात होतो, आणि निशाबाई आणि झुंबरबाई खिडकीशी बसून शेंगदाणे खात होत्या, निवांत, लग्नाला निघाल्यासारख्या. रुकडी स्टेशन आलं तशी झुंबरबाई खायची थांबली.

"सोने," ती मला म्हणाली, "तुझी गोळी खरी हाय."

"कशावरून?"

"माझ्या पोटात काय हालत न्हाय. मास्तरीणबाईंच्या न्हाय. तुम्हा दोघींचं बघ. आमची खडूची हाय."

"असा निष्कर्ष काढता येत नाही," निशाबाई म्हणाल्या.

"निष्कर्ष आत बसलाय बघा, कडी लावून," झुंबरबाई म्हणाली. आत बनाबाई होती.

निशाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनाही ते पटलं होतं, आणि पटल्याचं वाईट वाटलं होतं. इतके दिवस त्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर वेळ पाळून खडू गिळत होत्या. मला मात्र, खरं सांगायचं तर, पोटात कळ येत असतानाही श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

बनाबाई बाहेर आली. तिला बातमी सांगितली. ती म्हणाली, "म्हंजे मी नशीबवान? हे असं?" आणि परत आत गेली.

पुढं जे झालं ते दुसऱ्या जिल्ह्यात झालं नसतं असं माझं मत आहे. दुसरीकडं बायका रडल्या असत्या, भांडल्या असत्या, किंवा नशीब म्हणून गप्प बसल्या असत्या. आमच्याकडं पाच माणसं जमली की सहावं माणूस यायच्या आत सहकारी संस्था निघते. उसाची, दुधाची, सुताची, कोंबड्यांची. आमच्या मामाच्या गावात बँडवाल्यांचीही आहे. तिथं क्लॅरिनेट सभासदांत फिरतं आणि वाजवता कुणालाच येत नाही.

"हे बरं न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "दोघींनी खायाचं आणि दोघींनी बघायचं. डेअरीत आम्ही काय करतो? फॅट बघितली, माप झालं, की सगळं एका कॅनात. माझ्या म्हशीचं कुठलं आणि पाटलाच्या म्हशीचं कुठलं, ह्ये कोल्हापुरात चहा पिणाऱ्याला ठावं असतंय व्हय? पर चहा सगळ्यास्नी मिळतोय की."

"पण हे शास्त्राच्या विरुद्ध आहे," निशाबाई म्हणाल्या.

"शास्त्र मुंबईला हाय," झुंबरबाई म्हणाली.

येताना परतीच्या गाडीत बनाबाईच्या शेवेचा डबा रिकामा करण्यात आला. तेवढ्यासाठी शेव संपवावी लागली. मग चौघींच्या नव्या बाटल्या त्यात ओतल्या, झाकण लावलं, आणि डबा चौघींच्या हातून फिरवून हलवला. निशाबाईंनी हलवला नाही, पण धरला. नंतर मूठमूठ करून गोळ्या परत बाटल्यांत भरल्या. आता कुणाच्याही बाटलीत खरी कुठली आणि खडूची कुठली हे आम्हालाही कळायचं नाही, मॅडमनाही नाही, आणि मुंबईच्या कॉम्प्युटरला तर नाहीच. गोळ्यांना शेवेचा थोडा वास लागला एवढंच.

चार-पाच महिने संस्था उत्तम चालली. पोट सगळ्यांचं बिघडायचं, पण बेताबेतानं आणि वेगवेगळ्या दिवशी. माझी पाळी दोन महिन्यांत दोनदा आली, तेव्हा मी बूथवर एका गिऱ्हाइकाचा कॉल फुकट जोडून दिला. बनाबाईचं वजन शेवेसकट उतरलं. दवाखान्यात आमचं रक्त घेणारा, वजन करणारा, बाटल्या देणारा धम्मपाल म्हणून मुलगा होता. तो मला आल्या आल्या जयभीम करायचा आणि गाडीत जागा मिळाली का असं दर वेळी विचारायचा, मिळाली म्हटलं तरी. एकदा तो म्हणाला, "तुम्हा चौघींचे आकडे जवळजवळ सारखेच येतायत. मॅडम म्हणतात, असं कुठं बघितलं नाही."

"एका नदीचं पाणी पितो आम्ही," झुंबरबाई म्हणाली.

आणि मग झुंबरबाईला पित्त झालं.

सकाळी धार काढताना तिला दुधाचा वास सोसेना. धोंडुबाईनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि चरवी स्वतःच्या हातात घेतली. निशाबाईंनी जयसिंगपूरच्या मेडिकलातून तपासणीची पट्टी आणून दिली. पट्टीवर दोन रेघा उठल्या. पट्टी बघून धोंडुबाई म्हणाली, "पित्त हाय," आणि ती चुलीत घातली. ज्ञानूला सांगितलं नाही. त्याला फक्त एवढंच कळलं की सकाळच्या धारा यापुढं त्यानं काढायच्या.

आम्हा तिघींना सांगण्यात आलं, कारण पट्टी निशाबाईंनी आणली होती आणि संस्थेत काही लपवून ठेवता येत नाही. पॅसेंजरच्या डब्यात चौघी अगदी जवळ जवळ बसलो.

"मॅडमना सांगून टाका," निशाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या गोळ्या आता घ्यायच्या की नाही, बाळाला चालतात की नाही, हे त्याच सांगतील."

"सासूबाईंनी सांगितलंय, डागदर म्हंजे परकंच माणूस. आणि सांगायचं तर काय सांगायचं? मी खडूवाली. खडूनं पोटाला काय होतंय, असंच म्हणतील बाई. मग सगळंच सांगाया लागंल. डबा, शेव, सगळं. तुमच्या तिघींच्या गोळ्या बंद होतील."

"आमचं सोडा."

"तुमचं सोडतो. पर मागच्या बारीला बोललो आणि गेलं." तिनं पदर पोटावर ओढून घेतला. "ह्या बारीला मी कुणाला काय बोलायचं न्हाय. बोललं न्हाय तर राहील."

यात निशाबाईंना चूक काढता आली नाही. म्हणजे चूक दिसत होती, पण काढता आली नाही.

एक अडचण मात्र होती. चाचणीत दर महिन्याला प्रत्येकीची लघवी तपासली जायची, आणि ती कशासाठी तपासतात हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दिवस राहिले तर गोळ्या लगेच थांबवायच्या असतात.

"माझं कोण भरंल?" झुंबरबाईनं विचारलं.

बनाबाई नेमकी पाळीत होती. निशाबाई म्हणाल्या, मी शिक्षिका आहे. उरले मी.

धम्मपालनं नंबर चिकटवलेल्या चार प्लॅस्टिकच्या डब्या दिल्या. कॉरिडॉरच्या टोकाला संडास होता, आत खिडकीला फळी. ठरल्याप्रमाणं मी आधी आत गेले, माझी आणि झुंबरबाईची अशा दोन्ही डब्या घेऊन. तिची भरली. माझ्या डबीपर्यंत पोचायच्या आत माझा साठा संपला. मी तिची डबी तिला दिली, माझी रिकामी फळीवर ठेवली आणि पाणी प्यायला गेले. पाणी प्यायला वेळ लागतो, आणि प्यालेलं पाणी पोचायला त्याहून जास्त लागतो. मी कूलरजवळ उभी राहून नळाकडं बघत होते, कारण त्यानं फायदा होतो असं ऐकलं होतं.

परत आले तर फळीवर डबी नव्हती. धम्मपाल चारही डब्या घेऊन गेला होता. मला वाटलं, निशाबाईंनी शिक्षकीपण बाजूला ठेवलं असणार. मनातल्या मनात त्यांचे आभार मानले आणि बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं क्रांतीमॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"सोनम, घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, भाऊ आणि एक बोकड."

"लग्नाचं काही ठरलंय?"

"नाही."

"मग तसं... कुणी आहे का?"

"बोकडाव्यतिरिक्त?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. डॉक्टर टेबलाच्या पलीकडून अलीकडं आल्या की काहीतरी वाईट असतं. "घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही. तुझी तपासणी पॉझिटिव्ह आलीय. तुला दिवस गेलेत."

तेव्हा मला कळलं की निशाबाई अजूनही शिक्षिकाच होत्या.

सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मॅडम, ती माझी लघवी नाही. पण मग कुणाची, हे दुसरं वाक्य लगेच त्याच्या मागं उभं होतं, आणि ते बोलायचं नाही असं गाडीत ठरलं होतं. मी गप्प बसले. गप्प बसलेली बावीस वर्षांची मुलगी कशी दिसते ते मला समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होतं. मीही विश्वास ठेवला असता.

"किती दिवसांचं आहे ते बघू," असं म्हणून मॅडमनी मला सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवलं. पोटावर गार चिकट काहीतरी लावलं. पडद्यावर आधी काळं, मग राखाडी, मग माझे फुगे दिसले, माळेत ओवलेल्या मोत्यांसारखे. मॅडमनी यंत्र इकडं फिरवलं, तिकडं दाबलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पिशवीत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी पॉझिटिव्ह आणि पिशवी रिकामी. सोनम, दुखतंय का कुठं? चक्कर? कधी कधी गर्भ नळीत अडकतो. नळी फुटली तर जिवावर बेततं. तुला आत्ता दाखल करून घ्यावं लागेल. आईबाबांचा फोन नंबर दे. कदाचित आजच ऑपरेशन करायची वेळ येईल."

मी बूथवरचा नंबर दिला. तो मीच उचलत होते, आणि मी इथं होते.

मॅडमनी दार उघडून धम्मपालला हाक मारली आणि भूलवाल्या डॉक्टरांना निरोप द्यायला सांगितलं. धम्मपालनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी त्यानं गाडीत जागा मिळाली का हे विचारलेलं नव्हतं, ते आता तो कधीच विचारणार नाही असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. निरोप घेऊन तो कॉरिडॉरमधून निघाला, आणि कॉरिडॉरमध्ये बाकावर तिघी बसल्या होत्या. ऑपरेशन हा शब्द तिकडं आधी पोचला.

मॅडम परत माझ्या पोटावर यंत्र फिरवायला लागल्या. दार उघडंच राहिलं होतं, त्यातून मला झुंबरबाई दिसत होती. ती उठली, बसली. बनाबाईनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवला, पदर खोचला आणि सरळ आत आली.

"त्या पोरीचं पोट सोडा बाई," ती म्हणाली. "ती लघवी माझी हाय."

मॅडमच्या हातातलं यंत्र माझ्या पोटावरच राहिलं.

"तुमची? मग तुमच्या डबीतली कुणाची?"

"हिची."

"हिनं तुमची भरली ते समजलं. पण तुम्ही हिची का भरलीत?"

झुंबरबाईला हा प्रश्नच कळला नाही. "तिनं माझी भरून दिली की. मग तिची रिकामी कशी ठेवायची? शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर आपण वाटी रिकामी परत देतो व्हय? चार शेंगदाणे तर घालतो."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. वाटी रिकामी परत न देण्याची ही शिकवण तिला घरातूनच मिळाली होती, आणि खरं तर मलाही. तिच्या जागी असते तर मीही भरली असती.

मग सगळंच आलं. एकदा तोंड उघडल्यावर झुंबरबाईनं काही राखून ठेवलं नाही. संडास, रुकडी, डेअरी, शेवेचा डबा, मूठमूठ वाटप. निशाबाईही आत येऊन उभ्या राहिल्या आणि दोन ठिकाणी तपशील सुधारले. मॅडम खुर्चीत बसल्या. पेनाचं टोपण कुठं गेलं ते त्यांना सापडेना.

"पोट बिघडतं हे आम्हाला माहीत होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यावरून बायका ओळखतात हेही माहीत होतं. म्हणून तर चाचणीतल्या बायका एकमेकींना भेटू द्यायच्या नसतात. मीच तुम्हाला एका गाडीनं बोलावलं."

"मग सोबत कुणाची असती?" बनाबाई म्हणाली.

"बाई," झुंबरबाई मधेच म्हणाली, "ते नंतर. आधी मला सांगा. मी त्या गोळ्या खाल्ल्या. परवापातूर खाल्ल्या. ह्याला काय होईल काय?" तिनं पोटाकडं बोट दाखवलं नाही. फक्त हनुवटी जराशी खाली केली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती ते असल्यासारखं बोलली होती.

मॅडमचा आवाज बदलला. "ही गोळी दिवस राहिल्यावरही घेतलेल्या बायका आहेत. त्यानं बाळांना अपाय झाल्याचं आजवर तरी दिसलेलं नाही. पण आता बंद. आणि आत्ता बघू या. सोनम, तू ऊठ."

मी पोट पुसत उतरले. झुंबरबाई चढली. तिनं पडद्याच्या उलट दिशेला, भिंतीकडं, तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. मॅडमनी यंत्र ठेवलं, फिरवलं, एका जागी थांबवलं. पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता, भलत्या घाईनं, गाडी सुटत असल्यासारखा.

आम्ही तिघी पडद्याकडं बघत होतो.

"दिसलं काय?" झुंबरबाईनं भिंतीला विचारलं.

"दिसलं," मॅडम म्हणाल्या. "ठोके चांगले आहेत."

"बरं. मला सांगू नका."

"सांगितलं की आत्ता."

"मी ऐकलं न्हाय," झुंबरबाई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, पण मिटलेल्या डोळ्यांतून भिंतीच्या बाजूला पाणी चाललं होतं, आणि ते पुसायला तिनं हातही उचलला नाही. बनाबाईनं स्वतःच्या पदरानं पुसलं.

बाहेर धम्मपाल चहा घेऊन उभा होता. भूलवाल्यांना परत पाठवून झालं होतं. "मला वाटलंच होतं," तो मला म्हणाला.

"काय?"

"काही नाही. गाडीत जागा मिळाली होती का?"

परतीच्या गाडीत वाद झाला तो वेगळाच. कुणाच्या गोळीनं राहिलं? बनाबाईचं म्हणणं, डबा माझा होता. मी म्हणाले, खऱ्या बाटल्या दोन, म्हणजे निम्मं माझं. निशाबाई म्हणाल्या, गोळीचा काही संबंध नसेलही, नुसत्या विश्वासानंही शरीरात फरक पडतो, म्हणून तर खडूची गोळी ठेवतात; तेव्हा आमच्या खडूचाही विचार व्हावा. हे बोलताना त्यांनी तोंड खिडकीकडं केलं, कारण मुलाची वाट बघत चार वर्षं त्यांनाही झाली होती. मग तिघींनी झुंबरबाईकडं बघितलं.

"आमच्या ह्यांचाबी थोडा हात असंल," ती म्हणाली.

दवाखान्यानं आम्हा चौघींना चाचणीतून काढलं. मॅडमनी झुंबरबाईला दर पंधरा दिवसांनी स्वतःकडं यायला सांगितलं, आणि आम्हा तिघींना म्हणाल्या, या आजाराला गोळीशिवायही उपाय आहेत, चालायला लागा, शेव सोडा. बनाबाईनं चालायला लागायचं कबूल केलं. पुढं मुंबईहून समितीचा निरोप आला की सहभागी महिलांनी घडल्या प्रकाराचा लेखी खुलासा द्यावा. निशाबाईंनी तो बूथवर बसून, माझ्या काउंटरवर, शाळेच्या अक्षरात लिहिला. झुंबरबाईनं सांगितलं, बनाबाईनं दुरुस्त्या केल्या, मी मधेमधे कॉल जोडले. घडलेलं सगळं आम्ही मान्य केलं. शेवट असा आहे:

"वरील वस्तुस्थिती पाहता, सदर गर्भ नेमक्या कोणत्या अर्जदाराच्या बाटलीतील गोळीमुळे राहिला हे ठरविणे आता कोणासही शक्य नाही. सबब मेहेरबान समितीस नम्र विनंती की, सदर गर्भाची नोंद एकट्या अर्जदार क्र. १ यांच्या नावे न करता चारही अर्जदारांच्या नावे सामाईक व समान हिश्श्याने, म्हणजे प्रत्येकी चार आणे याप्रमाणे करण्यात यावी. अर्जदार क्र. ४ अविवाहित असल्याने त्यांचा हिस्सा त्यांचे लग्न ठरेपर्यंत समितीकडे राखीव ठेवावा. अर्जदार क्र. १ वगळता उर्वरित तीन अर्जदारांचे प्रत्येकी बारा आणे अद्याप येणे बाकी असल्याने, ते पूर्ण होईपर्यंत त्यांना चाचणीतून कमी करण्यात येऊ नये, तसेच दरमहा चार बाटल्या एकाच डब्यातून देण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती."